हादरा आधी पायाला कळतो

लक्ष्या करबट कराचीच्या तुरुंगातून सुटून आला तो शिमग्याच्या आधीचा आठवडा होता. पोलिसांची जीप त्याला थेट पाड्यात आणून सोडणार होती, पण धुंदलवाडीच्या फाट्यावर तो उतरला आणि बाकीची वाट चालत आला. त्याची आई काळी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिला आता लांबचं धड दिसत नाही. कोण आहे, म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, मी. तिने हातातलं सूप खाली ठेवलं, जवळ येऊन त्याचे दोन्ही दंड चाचपून पाहिले आणि म्हणाली, तिकडे पोटाला घालत नव्हते वाटतं. मग ती रडायला लागली.

आमची घरं शेजारी, मध्ये फक्त काट्याचं कुंपण. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते त्याने आणि त्याच्या बायकोने, जयवंतीने, नंतर थोडं थोडं करून सांगितलं.

लक्ष्या मुळात भित्रा नव्हे. २०१८च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हादरायला लागली, तेव्हा उलट तोच सगळ्यांत शांत होता. आधी आम्हाला वाटलं, कुठंतरी खाणीत सुरुंग लावताहेत. तोफ उडावी तसा आवाज व्हायचा आणि भिंतीतून माती सांडायची. मग घरांना चिरा पडल्या, सरकारी माणसं आली, तंबू आले, आणि भर थंडीत अख्खा पाडा तंबूत झोपायला लागला. लक्ष्या मात्र घरातच झोपायचा. म्हणायचा, धरतरी कूस बदलते, आईने कूस बदलली तर पोराने पळायचं का? हादरा आधी तळपायाला कळतो आणि मग कानाला, हे त्यानेच आम्हाला शिकवलं. जेवता जेवता घास थांबवून म्हणायचा, "आला." आणि मग मांडणीवरची भांडी वाजायची. पोरांना त्याची गंमत वाटायची.

त्याची थोडी डोंगरउताराची जमीन. भात, नागली, थोडी वरई. ते काही वर्षभर पुरत नाही. आमच्या भागातले कितीतरी लोक, ज्यांच्या बापजाद्यांनी गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं, ते आता गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. लक्ष्याही भात झोडून झालं की ओख्याच्या बंदरावर जायचा. पहिल्या हंगामात त्याला इतक्या उलट्या झाल्या की तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याने, त्याला परत पाठवायचं ठरवलं होतं. नंतर तो सरावला. जाळं ओढण्यात तर इतका तरबेज झाला की बोटीचा शेठ मुकादमाला सांगून त्यालाच बोलावून घ्यायचा.

एका हिवाळ्यात बोटीचं इंजिन बंद पडलं. दुरुस्ती चालली होती तोवर बोट वाहत गेली. सकाळी धुकं उठलं तेव्हा शेजारी करड्या रंगाची मोठी लाँच उभी होती आणि तिच्यावरची माणसं बंदुका रोखून हिंदीसारखंच काहीतरी बोलत होती. बोट गेली, मासळी गेली, सगळे खलाशी कराचीला गेले. इकडे जयवंतीला मुकादमाचा फोन आला. तेव्हा ती वाणगावच्या मळ्यात मिरची तोडायला जात होती, आणि दुसऱ्या दिवशीही गेली. मी तिला विचारलं होतं, आज तरी कशाला गेलीस? ती म्हणाली, घरात बसून काय त्याची बोट मागं येणार आहे?

कोर्टाने दिलेली शिक्षा काही महिन्यांची होती. ती लवकरच संपली. पण शिक्षा संपली म्हणून कोणी सुटत नाही. दोन्हीकडची सरकारं जेव्हा बोलतील तेव्हा सुटायचं. मध्येच बोलणं बंद पडतं, मग पुन्हा वाट पाहायची. चारेक वर्षं अशी गेली.

त्यांच्या बराकीत बहुतेक सगळे गुजरातचे मच्छीमार होते. लक्ष्याला गुजराती येतं, पण भांडायला आणि काम करायला पुरेल एवढंच. आपल्या बोलीत बोलणारा एकच जण होता, तलासरीच्या पलीकडच्या पाड्यातला काकड्या धाडगा. साठीला टेकलेला, दुसऱ्या एका बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारा. दोघांनी पहिल्याच आठवड्यात शेजारी शेजारी अंथरुणं टाकली. काकड्याला दम्याचा त्रास होता आणि तोंड सारखं चालू असायचं. त्याच्या बायकोचं नाव बायजी. ती कुठली भाजी कशी करते, पाऊस लांबला की कोणाला शिव्या देते, तिने एकदा अस्वलाला कसं हाकललं, हे लक्ष्याला पाठ झालं होतं. अस्वलाची गोष्ट खोटी असावी, असं लक्ष्या म्हणतो.

बराकीतले बरेच जण मण्यांचं काम करायचे. पाकिटं, बांगड्या, गाड्यांत टांगायची झुंबरं. काकड्याची नजर अधू झाली होती तरी बोटं चालायची. लक्ष्या त्याला रंग निवडून द्यायचा.

मग तो मे महिना आला. काश्मीरमध्ये काहीतरी झालं एवढं त्यांना कळलं होतं. बराकीतला टीव्ही बंद झाला. अंगणात सोडणं बंद झालं. एरवी थट्टा करणारे शिपाई बोलेनासे झाले. एका दुपारी जेवणाची ताटं धुऊन होतात न होतात तोच पहिला आवाज झाला.

लक्ष्याने मला तो आवाज समजावून सांगायचा पुष्कळदा प्रयत्न केला. हादऱ्यासारखाच, पण तसा नव्हे. हादरा खालून येतो. हे आधी छातीला लागलं. मग कान बंद झाले, खिडकीचे गज थरथरले आणि छताचा गिलावा पांढऱ्या पिठासारखा सगळ्यांच्या डोक्यावर पडला. लगेच दुसरा. कोणीतरी ओरडलं की विमानं आलीत. दाराशी उभा असलेला शिपाई, तोही पोरसवदाच, आत बघून म्हणाला, "तुमचेच लोक टाकताहेत." आणि कुलूप तसंच ठेवून निघून गेला.

लक्ष्याला ते वाक्य बाँबपेक्षा जास्त लागलं. आपल्याच माणसांचा बाँब, त्यांना माहीतही नाही की आपण इथं आहोत, आणि दाराला बाहेरून कुलूप. माणसं भिंतीच्या कडेला एकमेकांवर पडून राहिली होती. एक जण मोठ्याने देवीचं नाव घेत होता. काकड्या बसला होता तिथंच होता. त्याला धाप लागली होती आणि हातातले मणी सगळीकडे सांडले होते.

"लक्ष्या," त्याने विचारलं, "काय आहे रे?"

लक्ष्या म्हणतो, मी विचार करून काही बोललो नाही. तोंडातून आपोआप निघालं. "हादरा आहे, काका. आपल्याकडे येतो तसा."

"इथं पण?"

"इथं पण. धरतरी काय वेगळी आहे का?"

काकड्याने थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग मान डोलावली. तळहात फरशीवर टेकवून तो सावकाश श्वास घ्यायला लागला, आणि थोड्या वेळाने सांडलेले मणी गोळा करायला लागला. तेव्हा शेजारी पडलेले एक-दोघे उठून बसले. एकाने तर गुजरातीत विचारलं की म्हाताऱ्याला सांगितलंस ते खरं आहे का. लक्ष्याने त्यालाही हो म्हणून सांगितलं.

पुढचे तीन-चार दिवस असेच गेले. कधी जवळ, कधी लांब. दर आवाजाला काकड्या त्याच्याकडे बघायचा आणि लक्ष्या म्हणायचा, हादरा. हे बोलताना त्याचं स्वतःचं अंग दगडासारखं होऊन जायचं. पण आवाज कापता कामा नव्हता, नाहीतर म्हाताऱ्याला कळलं असतं. त्या दिवसांत आपल्याला भ्यायला सवडच मिळाली नाही, असं तो सांगतो. ते सगळं पुढं कधीतरी भ्यायचं म्हणून अंगात साठून राहिलं.

मग युद्ध थांबलं. बराकीचं दार उघडलं. पावसाळ्यात काकड्याचा दमा वाढला, त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात हलवलं. लक्ष्याला सोबत राहायची परवानगी मिळाली. काकड्या तिथंच गेला. त्याचं प्रेत घरी पोहोचायला बरेच आठवडे लागले. लक्ष्या तेव्हा अजून आतच होता. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी काही खलाशांना सोडलं, त्यात त्याचं नाव निघालं. वाघा सीमेच्या फाटकातून अमृतसर, तिथून रेल्वेने वडोदरा, आणि मग घर.

घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी दुपारी आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. ताडी होती, भाजलेले सुके बोंबील होते, गप्पा चालल्या होत्या. त्याची मुलगी दक्षा चिंचेच्या झोक्यावर होती. बाप गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती, आता बारा पुरी. एवढ्यात हादरा आला. फार मोठा नव्हता. आम्ही आता इतके सरावलोय की पाड्यातला हाल्या बोलत होता तो बोलतच राहिला, मी फक्त ताडीचं भांडं धरलं.

बघतो तर लक्ष्या जागेवर नाही. त्याने झोक्यावरून दक्षाला ओढलं होतं आणि तिला काखेत धरून घरामागच्या कोरड्या ओहोळाकडे पळाला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तो दगडांवर पालथा पडला होता आणि पोरगी त्याच्या खाली. तिला हलताही येत नव्हतं. हाल्याने आणि मी मिळून त्याचे हात सोडवले. दक्षाचं कोपर सोलवटलं होतं. ती रडली नाही. जयवंतीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि तिथून त्याच्याकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून ती त्याच्या जवळ जाईना. तो घरात आला की ती काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची. लक्ष्याला ते कळत होतं. तो घरात झोपेनासा झाला. अंगणात खाट टाकायचा आणि खाटेवर बसून राहायचा. त्यातच नव्या रस्त्यासाठी डोंगराला सुरुंग लावायचं काम चालू होतं. सुरुंगाआधी शिट्टी तरी वाजते. शिट्टी वाजली की तो कान दाबून भिंतीला पाठ लावायचा. हादऱ्याला शिट्टी नसते.

ज्या माणसाने कधीकाळी तंबूत झोपायला नकार दिला होता त्याचं हे रूप बघून काही लोक हसले. मीही एकदा हसलो होतो. जयवंतीने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा हसलो नाही.

आमच्या पाड्यातली कविता आशाताई आहे. ती त्याला डहाणूच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या बाई डॉक्टरने त्याला बराच वेळ बोलतं केलं. वेड लागलेलं नाही, लढाई पाहिलेल्या माणसांना असं होतं, शरीराला अजून पटलेलं नाही की आपण घरी आलोय, असं तिने सांगितलं. झोपेच्या गोळ्या दिल्या आणि एक युक्ती सांगितली. आवाज झाला की पळण्याआधी आपण कुठं आहोत ते तोंडाने म्हणायचं. काळीचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. तिने धाकल्या भगताला बोलावलं. धाकल्याने सुपात तांदूळ टाकून बघितले आणि विचारलं, मेलेल्या माणसाच्या घरी गेलास का? लक्ष्या गेला नव्हता. गोळ्या तो घेत राहिला, पण भगताचं बोलणं त्याच्या मनातून जाईना.

युक्तीचं काय झालं ते सांगतो. त्याच्या तोंडून काही शब्द फुटेना. तेव्हा जयवंतीने ते काम स्वतःकडे घेतलं. हादरा आला की ती जिथं असेल तिथून, चुलीपासून, विहिरीवरून, मोठ्याने सांगायची, "हादरा आहे, लक्ष्या. तू घरी आहेस." सुरुंग असला तर म्हणायची, सुरुंग आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटायचं. ती काही लाजली नाही. हळूहळू आम्ही शेजारीही सांगायला लागलो. एकदा तर विहिरीवरच्या चार बाया एकदम ओरडल्या आणि मग सगळ्याच हसल्या, लक्ष्यासुद्धा. तो पळायचा, पण आता अंगणाच्या कडेला येऊन थांबायचा. मग पायातली चप्पल काढून उभा राहायचा. तळपायाला कळतंय का ते बघायचा.

पाडव्यानंतर एका सकाळी त्याने जयवंतीला सांगितलं की बायजीकडे जायचंय. दोघं तलासरीला गेले, तिथून टमटमने पुढे. बायजीचं घर बाभळीच्या कुंपणात, कुडाच्या भिंती, दारात कोंबड्या. तिचा मुलगा मिथुन उंबरगावला कारखान्यात कामाला जातो, तो घरी नव्हता. बायजीने दोघांना ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला. बसल्याबसल्या ती म्हणाली की पेटी आली तेव्हा उघडू दिली नाही, त्यामुळे तोंड बघायला मिळालं नाही. लोक म्हणतात की म्हातारा बाँबच्या भीतीने गेला, छाती फुटून गेला. ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

लक्ष्याने तिला सगळं सांगितलं. मणी, गिलावा, कुलूप. आपण काय खोटं बोललो तेही सांगितलं. बायजी ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "आणि त्याला पटलं?"

"पटलं, काकी. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की हादरेच होते."

बायजी हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. म्हणाली, "पटणारच. इकडे तंबू लागले तेव्हा तो घोरत पडायचा आणि मी बाहेर बसून राहायची. हादऱ्याला तो कधी भ्याला नाही. तो भ्यायचा पोलिसाला आणि सुईला." मग तिचं हसणं थांबलं. "शेवटी सुया दिल्या त्याला?"

लक्ष्या म्हणाला, "दिल्या."

"मग तेव्हा भ्याला असेल."

"हो. माझा हात धरून ठेवला होता. सोडतच नव्हता."

बायजीने मान हलवली. खोटं का बोललास, असं काही ती म्हणाली नाही, आणि बोललास ते बरं केलंस, असंही नाही. तिने लक्ष्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि विचारलं, हाच का? तो म्हणाला, हाच. ती तो हात धरून बसली. जयवंतीने कोंबड्यांना हुसकावलं, चहाची भांडी उचलून आत नेली. निघताना बायजीने त्यांना कैऱ्या दिल्या. अस्वलाचं खरं की खोटं ते लक्ष्याने विचारून घेतलं नाही. म्हणाला, राहू दे.

तिकडून आल्यावर तो एकदम बरा झाला, असं काही नाही. अजूनही तो खाटेवर अंगणातच झोपतो, पण झोपतो. समुद्रावर पुन्हा जाणार नाही हे त्याने मुकादमाला फोनवर सांगून टाकलं. बोर्डीच्या एका चिकूच्या वाडीत त्याला काम मिळालं. सकाळच्या गाडीने जायचं, दिवसभर चिकू उतरवायचे, धुवायचे, लहान-मोठे वेगळे करायचे. वाडीत सावली असते आणि आवाज फक्त पाखरांचा.

मेच्या सुट्टीत एक दिवस दक्षा आपणहून म्हणाली, मीपण येते. जयवंतीने तिचाही डबा भरला. दिवसभर ती वाडीत चिकू पुसत बसली. काम सुटल्यावर तिला समुद्र बघायचा होता. ओहोटी होती, बोर्डीचं पाणी तेव्हा फार आत जातं, नुसती ओली वाळू पसरलेली. लक्ष्या सुरूच्या झाडांपाशीच थांबला. पोरगी पुढे गेली, मग परत आली.

"तुला ठेवलं होतं ते कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

त्याने उजवीकडे, किनाऱ्याच्या वर बोट दाखवलं. लांब आहे, म्हणाला.

"बाँब बघितलेस तू?"

"दिसले नाहीत. नुसते ऐकले."

ती वाळूत पायाने रेघा मारत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या दिवशी मला वाचवत होतास का?"

"हो."

"मग पुढच्या वेळी आधी सांग आणि मग धर," दक्षा म्हणाली. "हात किती दुखला माझा."

तो म्हणाला, बरं. सांगेन.

झाडाखाली एक बाई ताडगोळे विकत होती. लक्ष्याने एक पानभर घेतले. दक्षाला साल सोलायला जमेना, तेव्हा तो सोलून देत गेला आणि ती खात गेली. शेवटचे दोन तिने आजीसाठी पानात बांधून ठेवले. गाडीची वेळ झाली तशी दोघं रस्त्याकडे निघाले.